रात्री 8 बार, सकाळी शून्य: मोटरहोमच्या हवेच्या गळतीच्या नोंदी

गाडी म्हणजे 9 मीटरची जुनी प्रवासी बस, आता आत दोन पलंग, ओटा आणि 200 लिटर पाण्याची टाकी. पूर्ण एअर ब्रेक, मागच्या एक्सलला एअर सस्पेन्शन. हवेच्या टाक्या चार: पुढचा ब्रेक 25 लिटर, मागचा ब्रेक 25, पार्किंग ब्रेक आणि इतर कामं 20, सस्पेन्शन 40. कॉम्प्रेसर, हवेतलं पाणी काढणारा ड्रायर, मग चार वाटांचा प्रोटेक्शन वॉल्व (एका वाटेची हवा गेली तरी बाकीच्यांची राखणारा) आणि तिथून चार टाक्या, अशी मांडणी. काम इंदूरला, देवास नाक्याजवळच्या यार्डात.

6 डिसेंबर 2025, शनिवार

तक्रार: संध्याकाळी डॅशवरचे पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या हवेच्या दाबाचे दोन्ही काटे 8.1 बारवर सोडले तर सकाळी मागचा शून्यावर, बझर ओरडत असतो. हलक्या रेसवर हवा भरायला 11 मिनिटं.

आज पाना हातात घेतलाच नाही, फक्त मोजमाप. चारही चाकांना लाकडी ठोकळे. मागे चेसिसखाली लोखंडी घोडी, कारण सस्पेन्शनची हवा गेली की बॉडी खाली बसते आणि खालच्या माणसाला बाहेर सरकायलाही वेळ मिळत नाही. जॅकवर विसंबून कुणी खाली जाऊ नये.

हवा भरून इंजिन बंद, मग 15 मिनिटं थांबायचं. कॉम्प्रेसरमधून आलेली हवा गरम असते, ती थंड होताना काटा आपोआप खाली येतो. ही घट गळतीत धरली की सगळाच हिशोब चुकतो.

पार्किंग लावलेली असताना: मिनिटाला 0.06 बार.
पार्किंग सोडलेली असताना: मिनिटाला 0.10 बार.
पार्किंग सोडून, पायाचा ब्रेक फळीनं दाबून धरलेला: 0.10, म्हणजे फरक नाही.

अमेरिकेत जड वाहनाच्या परवान्याच्या चाचणीत ट्रेलर नसलेल्या गाडीला ब्रेक सोडलेले असताना मिनिटाला 2 पीएसआयपर्यंत (पीएसआय हेही दाबाचं माप) घट चालते. 0.10 बार म्हणजे साधारण दीड पीएसआय. म्हणजे त्या परीक्षेत ही गाडी पास झाली असती, आणि तरी पहाटे रिकामी. शिवाय गळतीमुळे कॉम्प्रेसर जास्त वेळ भार घेऊन चालतो, तापतो, तेल फेकतो. ड्रायरला आतलं पाणी बाहेर टाकायची संधी कट-आउट झाल्यावरच, म्हणजे टाक्या भरून कॉम्प्रेसरनं भार सोडल्यावरच मिळते, आणि कट-आउट उशिरा येतं. छोट्या गळतीचं खरं नुकसान तिथे होतं.

पार्किंगच्या दोन आकड्यांमधला 0.04 चा फरक आज कागदावर लिहिला आणि पुढचा आठवडाभर त्याच्याकडे पाहिलं नाही. तो कितीला पडला ते 13 तारखेच्या नोंदीत आहे.

7 डिसेंबर, रविवार

साबणाचं पाणी: भांड्यांचा लिक्विड साबण 1 भाग, पाणी 8 भाग, हळू ढवळून. फवारणीची बाटली नको, दाढीचा ब्रश बरा. बाटलीनं आधीच फेस होतो आणि मग बुडबुडा गळतीचा की बाटलीचा ते कळत नाही. काच पुसायची अमोनियाची लिक्विडं पितळी फिटिंगवर कधीच नको, पितळ तडकतं.

सात सांध्यांवर बुडबुडे. सातही नट हवा असतानाच आवळले. चूक. तीन सांधे थांबले, तीन जास्त गळू लागले आणि टाकीवरचा 12 मिमीचा नट तडकला. नायलॉन पाइपवरचं पितळी फेरूल, म्हणजे नटाखाली पाइपला आवळणारी कडी, एकदा रुतलं की पाइपला तिथे कंबर पडते. त्यानंतर जितकं आवळाल तितकी कंबर बारीक होते आणि गळती वाढते.

मग टाक्या रिकाम्या करून तडकलेल्यासकट सातही सांधे नव्यानं केले. पाइप 15 मिमी मागे कापला, आरीपात्यानं नाही, पाइप कटरनं, कारण कापलेलं तोंड काटकोनात हवं. पाइपच्या तोंडात आधाराची पितळी नळी, म्हणजे इन्सर्ट (जुन्या सातपैकी चार सांध्यांत तो नव्हताच), नवं फेरूल, नट आधी हातानं पूर्ण आणि मग पान्यानं, पाइप ओढला तर हलणार नाही इतका. टेफ्लॉन टेप कुठेच नाही. फेरूलचा सांधा आट्यांवर नाही, फेरूलवर बंद होतो. टेपचे धागे मात्र तुटून आत जातात आणि वॉल्वच्या सीटवर बसतात.

रविवार असल्यानं दुकानं बंद, 12 मिमीचं एक फेरूल कमी पडलं, ते जुन्या सामानात शोधण्यात दीड तास गेला. खर्च 640 रुपये.

संध्याकाळी मोजलं: 0.06 आणि 0.10. काट्यावर काहीच फरक नाही. सात ठिकाणचे बुडबुडे मिळूनही खरी गळती नव्हती.

9 डिसेंबर, मंगळवार

काल रात्रभर पार्किंग लावून गाडी सोडली आणि डॅशसमोर मोबाइल लावून दर पाच मिनिटांनी काट्यांचा फोटो घेतला. या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

8.1 पासून 5.2 पर्यंत दोन्ही काटे हातात हात घालून उतरले. 5.2 वर पुढचा थांबला, सकाळपर्यंत जवळपास तिथेच. मागचा शून्यावर.

कारण असं की प्रोटेक्शन वॉल्व उघडा असतो तोवर चारही टाक्या आतून जोडलेल्या असतात. गळती एका वाटेत असली तरी हवा सगळ्यांची जाते, आणि काटे पाहून दोन्हीकडे गळती आहे असं वाटतं. दाब वॉल्वच्या बंद होण्याच्या पातळीखाली गेला की प्रत्येक वाट वेगळी होते, आणि खरं चित्र तेव्हाच दिसतं. त्यामुळे काटे किती वेगानं उतरतात यापेक्षा कुठे एकमेकांपासून सुटतात ते लिहून ठेवावं. या गाडीचा आकडा 5.2 आहे, दुसऱ्या गाडीचा वेगळा असेल.

म्हणजे पुढची वाट स्वच्छ, मागच्या ब्रेकच्या वाटेत मोठी गळती. पण रविवारी मागच्या टाकीवर साबण लावला होता आणि बुडबुडे दिसले नव्हते! टाकीखाली ओला हात उलटा धरून फिरवल्यावर उलगडा झाला. हवेचा झोत इतका होता की साबण बसतच नव्हता, उडून जात होता. बुडबुडे लहान गळतीला येतात. मोठी गळती जागा कोरडी करते. ब्रश फिरवताना जिथे ओल टिकत नाही तिथे आधी हात लावावा.

आत काय निघालं: बॉडी बांधणाऱ्यानं मागच्या ब्रेक टाकीचा ड्रेन वॉल्व काढून तिथे टी (तीन तोंडांचा जोड) बसवला होता आणि त्यातून दाराची पायरी व ड्रायव्हरची एअर सीट अशा दोन लाइनी ओढल्या होत्या. सीटची 8 मिमीची लाइन एक्झॉस्ट पाइपपासून चार बोटांवरून गेलेली. तेवढ्या भागात काळा नायलॉन तपकिरी होऊन कडक झालेला, बोटानं दाबला तर काचेसारखा तडकला. टीच्या तोंडाशीही फट होती.

यात दोन गुन्हे आहेत. ब्रेकच्या हवेवर सीट चालवायची नसते. सीटची लाइन फुटली तर मागचे ब्रेक जातात. आणि ड्रेनच काढून टाकल्यावर टाकीतलं पाणी कोण काढणार? टी सोडवल्यावर 700 मिली पाणी निघालं, दुधाळ, तेलाचा वास असलेलं.

दुरुस्ती: टाकीला नवा ड्रेन वॉल्व. पायरी आणि सीटसाठी प्रोटेक्शन वॉल्वच्या 24 नंबरच्या तोंडावरून, 20 लिटरच्या टाकीमार्गे नवी लाइन. चेसिसच्या दुसऱ्या बाजूनं, एक्झॉस्टपासून लांब. साडेसहा मीटर पाइप लागला, रबर असलेल्या क्लिपा साधारण दर 30 सेंटिमीटरवर, क्रॉस मेंबरच्या भोकात रबरी बुश. पाइप 10 मीटर घेतला, 480. ड्रेन वॉल्व 130, क्लिपा 220.

आता: पार्किंग लावून 0.02, सोडून 0.06.

13 डिसेंबर, शनिवार

मोठा आवाज गेल्यावर मागच्या रिले वॉल्वची (पेडलच्या हुकमावर मागच्या ब्रेकना हवा देणारा आणि सोडणारा वॉल्व) फुसफुस ऐकू आली, खालच्या 3 नंबरच्या तोंडातून. वॉल्ववर हे नंबर कोरलेले असतात: 1 म्हणजे येणारी हवा, 2 जाणारी, 3 बाहेर सोडायचं तोंड, 4 हुकूम देणारी लाइन. शेजारच्या गाडीवर काम करणाऱ्या उस्तादांनी लांबूनच निकाल दिला, "रिले गया, भिया." आम्हालाही तसंच वाटलं. ट्रान्सपोर्ट नगरहून नवा रिले आणला, 2,650 रुपये. जाऊन-येऊन आणि बसवून पाच तास.

नंतर: 0.02 आणि 0.06. तीच फुसफुस, त्याच तोंडातून.

जुना रिले टेबलावर उघडला. रबर मऊ, सीट साफ, आत टेफ्लॉनचा एक धागा, तोही बाजूला पडलेला. वॉल्व निरोगी होता. पूर्ण दिवस आणि 2,650 वाया. तोंडातून हवा येते म्हणजे ते तोंड ज्याचं आहे तोच बिघडला असं नसतं.

14 डिसेंबर, रविवार

सहा तारखेचा कागद काढला. पार्किंग सोडल्यावर 0.04 जास्त गळतं, आणि रिलेची फुसफुसही पार्किंग सोडल्यावरच असते. लीव्हर लावला की आवाज बंद. तीनदा करून पाहिलं.

मागच्या चाकांवरचा डबल चेंबर, ज्याला इथले मिस्त्री बूस्टर म्हणतात, त्यात दोन खोल्या असतात. मागच्या खोलीत दणकट स्प्रिंग, पुढच्यात पायाच्या ब्रेकचा डायफ्राम. पार्किंग सोडायची म्हणजे मागच्या खोलीत हवा भरून स्प्रिंग दाबून धरायची. दोन खोल्यांमधून एक दांडा जातो आणि त्याच्याभोवती सील असतं. ते सील झिजलं की मागची हवा पुढच्या खोलीत येते, पुढच्या खोलीची लाइन रिलेला जोडलेली असते, आणि रिलेला वाटतं ही ब्रेक सोडल्याची परत आलेली हवा आहे. तो ती इमानदारीत बाहेर टाकतो.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. चाकांना ठोकळे, पार्किंग सोडलेली, पायाच्या ब्रेकवर कुणी नाही. डाव्या चेंबरची पुढच्या खोलीची लाइन सोडवून तोंडावर बोट ठेवलं: शांत. उजव्याची सोडवली: बोट ढकलणारी हवा. उजवा चेंबर.

हे काम ज्यानं आधी केलेलं नाही त्यानं एकट्यानं करू नये. स्प्रिंगच्या खोलीचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडायचं नाही. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस वाचत नाही. नटबोल्ट खोलण्याआधी मागचा मोठा बोल्ट उलटा फिरवून स्प्रिंग पूर्ण दाबून अडकवायची, मगच चेंबर उतरवायचा. सीलचा किट शोधण्यात वेळ न घालवता पूर्ण चेंबर बदलला, 24/24 आकाराचा, 4,300 रुपये, मिस्त्रीची मजुरी 800. आकड्याचा अर्थ डायफ्रामचं कामाचं क्षेत्रफळ चौरस इंचांत. त्याच मापाचा घ्यावा, नाहीतर दोन चाकांचा ब्रेक असमान लागतो.

नव्या चेंबरचा दांडा 18 मिमी लांब निघाला. न मोजता जोडला असता तर स्लॅक ॲडजस्टरचा (दांडा ज्याला ढकलतो त्या ब्रेकच्या हाताचा) कोन चुकला असता आणि ब्रेक लागूनच राहिला असता. जुन्याशी ताडून कापला, आटे कानशीनं साफ केले, लॉक नट घट्ट. ॲडजस्ट केल्यावर पायाच्या ब्रेकला दांड्याची चाल 32 मिमी. 24 च्या चेंबरला ती 44 च्या पुढे जाता कामा नये.

मोजमाप: पार्किंग लावून 0.02, सोडून 0.02. रिलेची फुसफुस गेली. जुना रिले पुसून पिशवीत ठेवला आहे.

20 डिसेंबर, शनिवार

पुन्हा रात्रभरचे फोटो. आता दोन्ही काटे सोबत उतरून दोघेही 5.2 वर थांबले. म्हणजे दोन्ही ब्रेकच्या वाटा साफ. गळती एकतर प्रोटेक्शन वॉल्वच्या आधी किंवा ज्या दोन वाटांना डॅशवर काटा नाही त्यांत. सस्पेन्शनच्या टाकीवर एम 16 × 1.5 चा टेस्ट पॉइंट आणि 0 ते 10 बारचा गेज लावला, 720 रुपये. हा पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. सस्पेन्शनचा गेज 5.2 च्या खाली उतरत राहिला, तर मग आधी तेच.

बेलोच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या हवेच्या रबरी पिशव्यांच्या, घड्यांतला चिखल ब्रशनं काढून साबण लावला. वरवरच्या बारीक रेषा आहेत, बुडबुडा नाही. गाडीची उंची राखणाऱ्या उजव्या लेव्हलिंग वॉल्वच्या, हवा बाहेर सोडायच्या तोंडाला मात्र फेसाचा पांढरा कोष दोन मिनिटांत लिंबाएवढा. बेलोकडे जाणारी लाइन सोडवून वॉल्वला बूच लावलं तरी कोष वाढतच राहिला, म्हणजे बेलो निर्दोष, वॉल्वची सीट खराब. ही लाइन सोडवण्याआधी घोडी तपासा.

किट 380. रबर फक्त साबणाच्या पाण्यानं धुतलं, केरोसीननं रबर फुगतं. लिंकच्या रबरी बुशा ढिल्या होत्या, त्याही किटमध्ये आल्या. जोडताना दांडी जुन्या मापावर ठेवली आणि दोन्ही बाजूंची उंची टेपनं मोजली, फरक 4 मिमी. ठीक आहे.

मिनिटाला 0.012.

21 डिसेंबर, रविवार

यार्ड शांत असल्यानं ड्रायर ऐकू आला. कट-आउटला तो जोरात फुस्स करून काही सेकंदांत थांबायला हवा. इथे फुस्सनंतर बारीक सुरसुर, इंजिन बंद केल्यावरही. इंजिन बंद असताना ड्रायरच्या खालच्या तोंडातून हवा येत असेल तर ती कॉम्प्रेसरची नसते, सिस्टिममधून उलटी येते. म्हणजे ड्रायरमधला चेक वॉल्व, हवा उलटी येऊ न देणारा, बिघडलेला.

उघडल्यावर सीटवर ड्रायरच्या दाण्यांची पांढरी पूड आणि काळं तेल मिळून पोटीससारखा थर. दाणे तेलानं भिजलेले. किट आणि नवा कार्ट्रिज (दाण्यांचा डबा) मिळून 3,400. सर्क्लिप काढताना वरचं झाकण दाबून धरा, खाली स्प्रिंग आहे. आमचं झाकण यार्डाच्या भिंतीपर्यंत गेलं, सुदैवानं रिकाम्या. कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंतचा लोखंडी पाइपही सोडवून पाहिला, आत कार्बनचा थर आहे पण बोट जाईल इतकी वाट मोकळी. साफ करून लावला.

मिनिटाचा हिशोब आता कामाचा नाही. तासाला 0.25 बार.

27 डिसेंबर, शनिवार

उरलेल्या गळतीनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. गेज 20 लिटरच्या टाकीवर हलवला, घट त्याच वाटेत. बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक सांध्यावर साबण लावला, काही नाही. पाण्याची टाकी रिकामी असताना गळती कमी, भरलेली असताना जास्त. हे दोन वेळा मोजलं तेव्हा पटलं.

पहाटे सव्वापाचला, रस्त्यावर ट्रक कमी असताना, 8 मिमीच्या नायलॉन पाइपचा मीटरभर तुकडा एक टोक कानाशी धरून फरशीवर फिरवला. ओट्याच्या खालच्या कप्प्यात, पाण्याच्या टाकीच्या पायाशी, सुईएवढी शिट्टी. प्लायवूड उचलल्यावर दिसलं: टाकीचा पट्टा धरणारा स्क्रू फरशीतून थेट दाराच्या लाइनीत गेलेला. स्क्रू स्वतःच बूच झाला होता, म्हणून इतकी वर्षं निभलं. टाकी भरली की फरशी दोन मिमी वाकते, स्क्रू हलतो आणि फट उघडते.

पाइप कापून जोडणी, 90 रुपये. स्क्रू आखूड केला. त्या जागी 20 × 20 सेंटिमीटरची झडप कापून ठेवली, पुढच्या वेळी फर्निचर उचलावं लागू नये म्हणून. याच लाइनीवरचे बाकीचे स्क्रूही मोजले, अजून दोन स्क्रू पाइपपासून बोटभर अंतरावर होते. तेही आखूड केले.

28 डिसेंबर, रविवार

काल संध्याकाळी 6 ला 26 अंशांना 8.0, आज सकाळी 6 ला 11 अंशांना 7.2. वरवर 0.8 गेले. पण बंद टाकीतली हवा थंड झाली की दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरतो: 9.0 गुणिले 284 भागिले 299, म्हणजे 8.55, त्यातून वातावरणाचा 1 वजा केला की 7.55. एवढी घट थंडीची. खरी गळती 12 तासांत 0.35 बार. याच्यापुढे जायचा विचार नाही.

शून्यापासून भरायला 11 मिनिटांऐवजी साडेपाच. एबी रोडनं मानपूरपर्यंत जाऊन आलो, ब्रेक न मारता चाललं तर कॉम्प्रेसर आता बराच वेळ भार घेत नाही. गणपती घाटाचा उतार मुद्दाम टाळला, नवा चेंबर आधी 200 किलोमीटर चालून पुन्हा ॲडजस्ट व्हायचा आहे.

खर्च 13,810 रुपये, त्यातला 2,650 चा रिले अनावश्यक. वेळ 41 तास, पैकी 13 वाया: नट आवळण्यात, रिलेत आणि गेजशिवाय अंदाज करण्यात.

बाकी: ड्रेनमधून अजून थेंबभर तेल येतं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या रिंगा. क्लच दाबल्यावर क्लच बूस्टरखाली (क्लचला हवेची मदत देणारा भाग) एक हलकी फुस्स आहे, पेडल सोडलं की बंद. दोन्ही जानेवारीत.